आठाच्या अलीकडला

“सात. आठाच्या अलीकडला सात,” सिंधूताई माउथपीसमध्ये म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला.

हे वाक्य मी चार वर्षं ऐकत होते. आमच्या ट्रंक ऑफिसच्या लांबट खोलीत बारा बायका कानाला हेडफोन लावून ओळीनं बसतात आणि दिवसभर गावोगावच्या ऑपरेटरना आकडे सांगतात. त्यांत सिंधूताई सगळ्यात जुन्या. त्या सात कधी नुसता म्हणत नाहीत. आठही नाही, ‘नवाच्या अलीकडला आठ’ म्हणतात. साठ म्हणजे ‘तीन विसा साठ’. नव्या मुली पहिल्यांदा हसतात आणि महिन्याभरात स्वतः तसंच म्हणायला लागतात. हे कोणी शिकवलेलं नाही, कुठल्या नियमावलीत नाही. मीही ते ऐकत होते म्हणजे छताचा पंखा ऐकावा तसं. मार्चातल्या त्या सकाळी, अमरावतीच्या लाइनीवर कुणाला तरी नंबर सांगताना त्या बोलल्या तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. बशी टेबलावर ठेवली.  हात फार स्थिर झाला होता, प्रयोगशाळेत सूक्ष्म तराजूवर वजन ठेवताना होतो तसा. त्यावरून मला कळलं की मी रागावले आहे. कुणावर, ते कळायला अजून थोडा वेळ लागायचा होता.

माझं काम बोलण्याचं नाही, बोलणं ज्या वाटेनं जातं तिचं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी या ऑफिसात लागले आणि पलीकडच्या यंत्रांच्या खोलीत बसते. भिवापूरच्या तारेवर एका वेळी तीनच बोलणी जायची. चौथ्या माणसानं थांबायचं. दोन तास, बाजाराच्या दिवशी चार. दिवाळीनंतर आम्ही प्रयोग सुरू केला. माणसाच्या आवाजाचा एक पट्टा असतो, खाली जाड स्वर, वर बारीक. वरचा अर्धा कापून टाकला तर एका बोलण्याच्या जागेत दोन मावतात. तीनपैकी एक वाट आम्ही अशी चिरली. मुंबईच्या लाइनीला हात लावायचा नव्हता. तिथे मोठी माणसं बोलतात. चिरलेल्या वाटेवर आवाज घोगरा येतो, रजईच्या आतून बोलल्यासारखा, पण वाक्य कळतं. वाक्य कळतं हे मी सिद्ध केलं. बोलणं संपलं की ऑपरेटरनं दोन प्रश्न विचारायचे. ऐकू कसं आलं, चांगलं, बरं की वाईट? आणि, दोन तास थांबून स्वच्छ पाहिजे, की लगेच मिळालेलं घोगरं चालेल? चारशे बारा माणसांना विचारलं. तीनशे एक्याण्णव म्हणाले, लगेच. “लोकांना काय पाहिजे ते लोकांनाच विचारलं आपण,” आमचे वरिष्ठ घाटेसाहेब म्हणाले. “अजून काय पाहिजे?”

मी अजून एक चाचणी घेतली होती. अर्थ नसलेल्या अक्षरांची. सा, शा, फा, ता, था. एकीनं वाचायचं, दुसरीनं पलीकडे लिहायचं. शंभरात अठ्ठावन्न बरोबर आली. घाटेसाहेब तक्ता बघून हसले. “मिस गजभिये, ट्रंक कॉलवर सा शा फा कोण बोलतं? गाण्याचा क्लास आहे का आपला?” खोलीतले सगळे हसले. मीही हसले. हे मला आता आठवतं आणि गालांच्या स्नायूंना ते हसू अजून चिकटलेलं असल्यासारखं वाटतं. तो तक्ता आधी परिशिष्टात गेला आणि मग परिशिष्टच गेलं. अहवालात राहिल्या शिफारशी. त्यांतली चौथी माझ्या अक्षरात आहे: ‘ऑपरेटर आकड्यांची जी पुनरुक्ती करतात, तीत दर कॉलमागे सरासरी अकरा सेकंद वाया जातात; प्रयोगाच्या वाटेवर ही जुनी सवय टाळावी.’ मी स्टॉपवॉच घेऊन सिंधूताईंच्या मागे तीन दिवस उभी होते. त्यांना सांगायलाही मीच गेले. त्या म्हणाल्या, “बरं बाई. तुम्ही शिकलेल्या. पण सात लय लुच्चा आकडा असते वं.”

मी त्यावरही हसले होते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी मला भिवापूरला फोन करायचा होता. मीराबाई माझी मावशी. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. दोन दिवस तिचा उजवा डोळा लाल होऊन दगडासारखा झाला होता, डोकं फुटत होतं, उलट्या होत होत्या. मी धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काचबिंदू दिसतो, उद्या मंगळवार, माझा ऑपरेशनचा दिवस, सकाळी सातच्या आत आणा, पावणेआठला मी दौऱ्यावर निघतो तो शनिवारी येतो. रुंद वाटांवर दोन तासांची रांग होती. चिरलेली मोकळी होती. सिंधूताईंनी विचारलं, “लगेच देऊ?” मी म्हटलं, द्या. भिवापूरला नानाजींच्या मिरचीच्या आडतीत फोन आहे. तिथे जो कोणी फोनवर येतो तो आधी शिंकतो. माझा मावसभाऊ धोंडबा तिथेच हमाली करतो. तो शिंकला, मग म्हणाला, “बोल वं बाई.” मी म्हटलं, “धोंडबादादा, मावशीले उद्या सकाळी सातच्या आत आणजो. धंतोलीत. मी दारातच उभी राहतो.” तो म्हणाला, “आयकू आलं. आणतो.” चाळीस सेकंदही लागले नाहीत. मग सिंधूताईंनी नियमाप्रमाणे मला दोन्ही प्रश्न विचारले. मी म्हटलं, चांगलं. आणि, लगेच. चारशे बारांत माझा क्रमांक दोनशे सहा आहे. तो कागद मी स्वतः फायलीत लावला.

मंगळवारी मी साडेसहापासून दवाखान्याच्या दारात उभी होते. सात वाजले. सव्वासात. आत दोन म्हाताऱ्यांचे डोळे झाले. साडेसातला डॉक्टर हात पुसत बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेले. पावणेआठला त्यांची गाडी दारासमोर सुरू झाली आणि तेवढ्यात सायकलरिक्षा आली. मावशीच्या डोळ्यावर ओला फडका होता. धोंडबा उडी मारून उतरला, खूष होता. “पंधरा मिनटं अगोदरच आलो पाय,” तो म्हणाला. त्यानं पहाटेची पहिली मोटार सोडून दुसरी धरली होती, कारण पहिलीत बसायला जागा नव्हती आणि आईला उभं कसं आणायचं. आठाला वेळ होता. डॉक्टरांनी गाडीची काच खाली केली. “सात म्हणजे सात,” ते मला म्हणाले, त्याला नाही. “तुमच्या गावाकडच्या लोकांना घड्याळ म्हणजे भिंतीवरची शोभा.” आणि निघून गेले. तिथे बाकावर दहा-बारा माणसं होती. त्या सगळ्यांसमोर मी धोंडबाला म्हटलं, “तुले कान नाईत काय? बहिरा आहेस काय तू?”

“आठ म्हणाली तू,” तो म्हणाला. “मी सोता आयकलं.”

“मी आठ काहून म्हणेन?”

 माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा माणूस, पाठीवर मिरचीची पोती वाहून खांदे लाल झालेला, शाळेतल्या पोरासारखा खाली बघत उभा राहिला. मी एम.एस्सी. आहे. मी चुकीचं कसं बोलेन. दुसऱ्या दोन दवाखान्यांत विचारलं. एकाकडे जागा नव्हती, एक डॉक्टर गावाला गेले होते. थेंब घालून चार दिवस काढले. शनिवारी ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात फक्त उजेड-अंधार उरला होता, आठवड्यानं तोही गेला. मावशी म्हणाली, “एक आहे ना बाप्पा.”  आणि काल धोंडबाचं पत्र आलं, ते माझ्या पर्समध्ये आहे. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, पण बोल त्याचे: ‘कानाचा डॉक्टर पाहून ठेवजो. लोक काय म्हणते ते मी आता दोन-दोनदा विचारतो. नानाजी हसते. आईचा डोळा माह्या कानापायी गेला.’

सात. वरचा बारीक पट्टा काढा. स गेला. राहिलं ‘आत’. सकाळी आतच्या आत आणजो. असं कोणी बोलत नाही, म्हणून कान सर्वात जवळचा शब्द उचलतो आणि जागेवर ठेवतो. कान ते विचारून करत नाही. तो मालकाला कळूही देत नाही की इथे भोक होतं आणि मी बुजवलं. म्हणून ‘चांगलं’. म्हणून चारशे बारा कागदांवर एकही तक्रार नाही. अठ्ठावन्न टक्क्यांचा तो तक्ता नेमकं हेच सांगत होता, आणि तो माझाच होता. एक महिनाभर मी रोज ही आकडेमोड करू शकले असते. मी ती केली नाही, कारण धोंडबा बहिरा आहे हे मला आधीच माहीत होतं. हमाल, खेड्यातला, अंगठेबहाद्दर. डॉक्टरांनी काच खाली करून जे म्हटलं ते मी काच न लावता म्हटलं होतं.

छप्पन साली मी नऊ वर्षांची होते. धम्मदीक्षेच्या त्या मैदानावर आम्ही इतके मागे होतो की मंच दिसतच नव्हता, फक्त पांढरे कपडे, पुढे पांढरे, मागे पांढरे. भोंगे लांबलांब लावलेले. जवळच्या भोंग्यातून शब्द यायचा आणि तोच शब्द दूरच्या भोंग्यातून उशिरा येऊन त्यावर सांडायचा. मला काही कळेना. मी रडायला लागले, “मले आयकू नाई येऊन राहिलं.” मावशी खाली वाकली आणि माझ्या कानाशी एकेक ओळ पुन्हा म्हणायला लागली. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. बावीसच्या बावीस प्रतिज्ञा. “आयकू आलं?” प्रत्येक ओळीनंतर विचारायची. मी मान हलवली नाही तर पुन्हा म्हणायची. तिलाही सगळं ऐकू येत नसणार, हे मला नंतर फिजिक्स शिकताना कळलं. प्रतिध्वनीचं गणित करताना मला ते मैदान आठवलं होतं आणि मी वहीच्या समासात त्या भोंग्यांमधलं अंतर काढून पाहिलं होतं. मावशीनं पुन्हा सांगितल्यात किती सेकंद वाया गेले, ते मात्र काढलं नव्हतं.

मी घाटेसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्यासमोर अहवाल होता, शेवटच्या पानावर माझ्या सहीची जागा मोकळी. दुपारी तीनला मुंबईचे साहेब येणार होते, प्रयोगाची वाट स्वतः ऐकणार होते, आणि मग विदर्भातल्या सगळ्या तालुक्यांच्या सगळ्या वाटा अशाच चिरायच्या होत्या.

“साहेब, प्रयोगाच्या लाइनीवर सात ऐकू येत नाही.”

“कोणाची तक्रार आली?”

“नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला ते कळतच नाही.”

“म्हणजे तक्रार नाही, हाच तक्रारीचा पुरावा?” ते हसले. वाईट माणूस नाही. मला नोकरीत घेताना वर भांडले होते. मी त्यांना मावशीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, खरंच वाईट वाटलं त्यांना. मग म्हणाले, “पण बघा, चारशे बारात एक. पाव टक्का. आणि लाइन मिळायची वाट बघताबघता ज्यांचं माणूस गेलं, त्यांचा तक्ता आहे का तुमच्याकडे? नाही ना? ते कुणाला सांगणार?”

हे खोटं नव्हतं. खोटं असतं तर राग सोपा झाला असता. मी त्यांच्या टेबलाच्या काचेखालचा गणपती बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, पाव टक्का. उजवा.

तीन वाजता मी यंत्रांच्या खोलीतल्या फोनवर बसले. भिवापूरपर्यंत नेऊन परत आणलेली वाट, म्हणजे माझा आवाज सव्वाशे किलोमीटर फिरून भिंतीपलीकडे जायचा. पलीकडे चौघे: मुंबईचे साहेब, घाटेसाहेब, आणि दोन इंजिनिअर. प्रत्येकाच्या हातात रिसीव्हर आणि कागद. माझ्यासमोर दहा वाक्यं. घाटेसाहेबांच्या पत्नी उत्तराताई शाळेत मराठी शिकवतात, त्यांनी लिहून दिलेली. आज आकाश निरभ्र आहे. आमच्या बागेत मोगरा फुलला आहे. माझी बहीण पुण्याला राहते. मी दहाही वाचली, शाळेत पारितोषिक मिळवणाऱ्या मुलीसारखी. ही भाषा मी फार कष्टानं शिकलेली आहे. इथे मी ‘मला’ म्हणते, ‘थांबते’ म्हणते. पलीकडून आवाज आला, “एक्सलंट. सगळी कळली.” आकाश निरभ्र असतं हे त्यांना माझ्या आधी माहीत होतं.

“अजून एक वाक्य आहे,” मी म्हटलं. “ऐकलं ते लिहा.” आणि धोंडबाशी त्या सोमवारी बोलले होते तसंच बोलले, तेवढ्याच जोरानं, तेवढ्याच घाईनं. “मावशीले उद्या सकाळी सातच्या आत आणजो.”

मग उठून त्यांच्या खोलीत गेले आणि चारही कागद गोळा केले. तिघांनी लिहिलं होतं ‘आठच्या आत’. मुंबईच्या साहेबांनी नुसता आठ, वळणदार, खाली रेघ मारलेला, आणि शेजारच्या रकान्यात ‘चांगलं’वर खूण.

“बरोबर ना?” ते म्हणाले.

“नाही. मी सात म्हटलं.”

“छे. आठच म्हणालात तुम्ही. मी स्वतः ऐकलं.”

मी स्वतः ऐकलं. त्यांना कोणी बहिरं म्हटलं नाही. बाकावर दहा-बारा माणसं बसलेली नव्हती. घाटेसाहेब खाकरले. “त्याचं काय आहे सर, ते जरा इकडचं बोलणं आहे. आणजो वगैरे. कान गडबडतो. उच्चारसुद्धा थोडा...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गेली चार वर्षं माझ्या पाठीमागे ते वाक्य कोणीच पुरं करत नाही. मी परत गेले, यंत्रातली जोडणीची दोरी काढून शेजारच्या रुंद वाटेत घातली, आणि तेच म्हटलं. तोच उच्चार, तोच आणजो.  भिंतीपलीकडून एक तरुण इंजिनिअर हळूच म्हणाला, “सात.”

मुंबईचे साहेब मात्र भले होते. मी आत गेल्यावर म्हणाले, “इंटरेस्टिंग. पण ही अडचण आकड्यांपुरतीच दिसते. ऑपरेटरनी आकडे दोनदा म्हणावेत अशी सूचना काढता येईल.”

“ऑपरेटर तसं म्हणतच होत्या,” मी म्हटलं. “मी बंद करायला लावलं. शिफारस क्रमांक चार.” माझा आवाज शांत होता. मला स्वतःला तो घोगरा ऐकू येत होता, वरचा पट्टा गेल्यासारखा. “आणि ऑपरेटर फक्त नंबर सांगतात साहेब. नंबर लागल्यावर लोक जे बोलतात ते त्यांचं त्यांनाच बोलावं लागतं. स फक्त सातात नाही. तुम्ही त्यांना विचारलंत, लगेच पाहिजे का. विचारताना काय कापलंय ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.”

शेवटच्या पानावर सहीच्या जागी मी लिहिलं: ‘या वाटेवर सात ऐकू येत नाही. शिफारस चार माझी होती, ती चुकीची आहे.’ खाली चारही कागद टाचणीनं टोचले, वळणदार आठ सर्वात वर. घाटेसाहेब म्हणाले, “मिस गजभिये, हे असं वर जाणार नाही.” मी म्हटलं, मग माझ्या सहीशिवाय जाऊ द्या. तो बहुतेक तसाच जाईल. वर तीनशे एक्याण्णव लोकांचं मत आहे.

ट्रंकच्या खोलीत सिंधूताईंनी माझ्याकडे न बघताच विचारलं, “भिवापूर? लगेच देऊ?”

“नाही. रुंद लाइनीवर.”

“आज बाजार आहे वं बाई. तीन तास लागन.”

“थांबतो,” मी म्हटलं.

त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. ऑफिसातल्या माणसाशी मी पहिल्यांदा घरच्यासारखी बोलले होते. बाहेर लोकांसाठी लाकडी बाक आहे, त्यावर जाऊन बसले. शेजारी पारशिवनीचा एक माणूस मुलीच्या बाळंतपणाची बातमी लागते का म्हणून दुपारी एकपासून बसला होता. त्याला विचारलं असतं तर तोही लगेच म्हणाला असता, आणि मी त्याला काय सांगितलं असतं ते मला अजून माहीत नाही. राग उतरेल असं वाटलं होतं, तो उतरला नाही, फक्त पाठीच्या कण्यात सरळ बसला. सहा वाजून गेले तेव्हा सिंधूताईंनी काचेवर टकटक केली.

आधी शिंक आली. तीतला स मला स्वच्छ ऐकू आला.

“धोंडबादादा, आयक. मी सात म्हणाली होती. तुले आठच आयकू आलं. तारेत कापलं होतं आम्ही, मीच कापलं होतं. तुहे कान चांगले आहेत. डॉक्टर नाई लागत.”

पलीकडे मिरचीची तागडी आदळली, कोणीतरी कोणालातरी हाक मारली.  मी वर मीटरच्या काट्याकडे बघितलं. वाट चालू होती.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.

“पुन्हा सांग.”